उन्हाळी फुलझाडांची खरेदी: परभणीतील एका रोपवाटिकेचा चार महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या गल्लीतील पाच घरांनी मिळून परभणी शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेतून उन्हाळ्यात फुलणारी ३५ रोपे, मे फ्लॉवरचे १० कंद आणि ऑफिस टाइम या छोट्या फुलझाडाच्या काही पिशव्या एकाच टेम्पोतून आणल्या. पाच घरांत पाच तऱ्हेची उन्हे आहेत, पाणी घालणारे हात वेगळे आहेत, पण माल एकाच ठिकाणचा आणि एकाच दिवशी घेतलेला. त्यामुळे कोणते रोप खरोखर चांगले होते आणि कोणते केवळ दुकानात चांगले दिसत होते, याचा निवाडा करणे या वेळी सोपे गेले. रोपवाटिकेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तक्रारीचा जो भाग आहे तो मालकांच्या समोर बसून सांगून झाला आहे, आणि त्यांनी तो ऐकूनही घेतला; उरलेला अनुभव मात्र मराठवाड्यात गच्चीवर किंवा अंगणात फुलझाडे लावणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असे वाटते.

रोपवाटिका साधारण एक एकराची आहे. शिरल्याबरोबर हिरव्या जाळीखालचा भाग लागतो आणि ग्राहकाचे पाऊल तिथेच अडते, कारण तिथली रोपे उंच, तुकतुकीत पानांची आणि बऱ्याचदा कळ्या-फुलांसकट उभी असतात. मागच्या बाजूला, विहिरीजवळ, उघड्या उन्हात दुसरा एक वाफा आहे. तिथली रोपे बुटकी, पाने जाडसर आणि धुळीने माखलेली, पिशव्याही वेड्यावाकड्या. समोरचा मोगरा ८० रुपयांना होता आणि मागचा ६० रुपयांना. आम्ही चार घरांनी अर्थातच समोरचा घेतला. समोरच्या घरातील काकूंनी मात्र पैसे वाचवण्याच्या हिशेबाने मागच्या वाफ्यातील तीन रोपे उचलली, आणि त्यावरून परतीच्या वाटेवर त्यांची थोडी थट्टाही झाली.

ती थट्टा आमच्या अंगाशी येण्यास दीड महिना लागला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे एक जुनी रीत आहे: ज्या घरी समारंभ असेल त्या घरी गल्लीतील प्रत्येकीने आपल्या अंगणातील फुले पाठवायची. आंब्याची डाळ आणि पन्हे यजमानीणबाईंचे, गौरीपुढची आरास मात्र सगळ्यांची. या वर्षी माझ्या घरच्या समारंभाला काकूंकडून जे ताट आले, त्यात बटमोगऱ्याची ओंजळभर फुले होती, लहान गुलाबासारखी भरगच्च आणि देठाशी किंचित हिरवट. माझ्या तीन झाडांची मिळून सात फुले निघाली, आणि त्यांतली दोन एकेरी पाकळीची होती. ते झाड मी 'मदनबाण' म्हणून घेतले होते. मदनबाणाची कळी लांबट आणि टोकदार असते, फूलही एकेरी नसते. तेव्हा चिठ्ठी चुकली होती हे उघड आहे. ही चूक त्या एका दुकानाची म्हणावी असे नाही, आपल्याकडे मोगऱ्याच्या चिठ्ठ्यांवर कोणीच फारसा भरवसा ठेवत नाही. पण ज्याला गजऱ्यासाठी विशिष्ट जात हवी आहे त्याने फुललेले झाडच पाहून घ्यावे.

काकूंच्या मोगऱ्याचे कारण मला नंतर मालकांनीच सांगितले. मागच्या वाफ्यातील रोपे त्यांच्याच आवारातील जुन्या झाडांच्या फांद्यांपासून केलेली आहेत, याच मातीत आणि याच उन्हात वर्षभर वाढलेली आहेत, आणि पौष संपता संपता त्यांचे पाणी तोडून, पाने ओरबाडून, छाटणी केलेली असते. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटव्यावर, म्हणून थंडीत विश्रांती आणि छाटणी मिळालेले झाड चैत्रात कळ्यांनी भरते. समोरची देखणी रोपे आंध्रातील कडियम भागातून ट्रकने येतात. राजमहेंद्रवरमजवळचा हा रोपवाटिकांचा पट्टा प्रसिद्ध आहे आणि तिथले काम वाईट नाही; किंबहुना गंमत अशी की ती रोपेही गोदावरीच्याच पाण्यावर वाढलेली, फक्त नदीच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळच्या दमट हवेत. तिथून उचलून त्यांना आमच्या कोरड्या उन्हाळ्यात आणायचे, जिथे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी कपडे तासाभरात वाळतात, म्हणजे त्या रोपांना पुन्हा एकदा जगायला शिकावे लागते.

याहून मोठी अडचण मातीच्या गोळ्याची निघाली, आणि ती मी स्वतः पाहिली असल्याने सविस्तर सांगते. रोपवाटिका कुंड्या भरून देण्याची सेवा देते. माळी घरी येतो, एका कुंडीचे ४० रुपये घेतो. आमच्याकडे आलेला मुलगा कामाला चपळ होता. त्याने पिशवी ब्लेडने कापली, आतला लाल मातीचा गोळा जसाच्या तसा कुंडीत ठेवला आणि भोवती काळी माती व शेणखत दाबून भरले. तासाभरात नऊ कुंड्या झाल्या. मार्चमध्ये सर्व ठीक होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक मोगरा दुपारी मान टाकू लागला. बोट खुपसून पाहावे तर माती ओली. ओल असूनही झाड कोमेजते म्हणजे मुळे कुजली असावीत, असे समजून मी पाणी कमी केले. तेव्हा पाने पिवळी पडून कळ्या गळू लागल्या. शेवटी एका सकाळी कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढले. बाहेरची काळी माती बोटांना चिकटत होती, आणि तिच्या पोटात पिशवीच्या आकाराचा तो लाल गोळा भाजलेल्या विटेसारखा कोरडा होता. दोन महिने उलटूनही त्यातून एकही पांढरे मूळ बाहेर आलेले नव्हते. पिशवीच्या बुडाशी गोल फिरलेली मुळे तशीच, सुतळीच्या बिंड्यासारखी वळलेली होती.

काळी माती पाणी घट्ट धरून ठेवते, आणि एकदा पूर्ण वाळलेला लाल मातीचा गोळा पाणी सहजी आत घेत नाही. मी घातलेले पाणी भोवतालच्या मातीत मुरत होते किंवा कडेने खाली जात होते. झाडाच्या मुळांना त्यातले काहीच मिळत नव्हते. मी तो गोळा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवला. बुडबुडे थांबण्यास वीस मिनिटे लागली. मग त्याच्या कडा खुरप्याच्या टोकाने खरवडल्या, बुडाची वळलेली मुळे कापली, आणि काळी माती, जुने शेणखत व कोकोपीट सारख्या प्रमाणात घेऊन झाड पुन्हा लावले. ही कामे एप्रिलच्या उन्हात करू नयेत हे मलाही ठाऊक आहे, पण दुसरा इलाज नव्हता; आठ दिवस ते जिन्याखालच्या सावलीत ठेवले आणि मग हळूहळू उन्हात आणले. मेच्या मध्यावर त्याला फुटवे आले आणि महिनाअखेरीस पहिल्या खऱ्या कळ्या दिसल्या. बाकीच्या आठ कुंड्याही मग मी तशाच तपासल्या; त्यांतल्या पाच आतून कोरड्या होत्या. ४० रुपयांच्या सेवेत गोळा भिजवणे आणि कडा मोकळ्या करणे एवढे तरी धरलेले असावे, ही माझी या रोपवाटिकेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे.

बोगनवेलीच्या बाबतीत चूक माझी होती आणि ती रोपवाटिकेने सुधारली, हेही सांगायला हवे. १५० रुपयांची दोन रोपे मी घेतली. एक राणी रंगाचे, एक पांढरे. आणताना दोन्ही रंगाने लगडलेली होती, पण महिन्याभरात सगळा रंग झडून नुसता पाला वाढू लागला. एप्रिलच्या सुरुवातीला ऊन तापले म्हणून मी गच्चीवर हिरवी जाळी ओढली होती आणि रोज संध्याकाळी दोन तांबे पाणी घालत होते. रोपवाटिकेतील वयस्कर माळी दुसऱ्या कामासाठी गल्लीत आले असता त्यांनी गच्चीवर नजर टाकली आणि विचारले, "काकू, रोज पाणी घालायलात का हिला? मग फूल कशाला येईल? हिला जरा उपाशी ठेवा की. अन् ती जाळी काढा आधी." त्यांच्या सांगण्यावरून बोगनवेली जाळीबाहेर काढल्या आणि पाने किंचित मलूल दिसेपर्यंत पाणी बंद ठेवले. तीन आठवड्यांत राणी रंगाची वेल टोकापासून भरू लागली. ज्याला आपण बोगनवेलीचे फूल म्हणतो ती खरे तर रंगीत सहपत्रे असतात, आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली पांढुरकी, बारीक नळी. पाण्याचा ताण आणि भरपूर ऊन मिळाल्याशिवाय हा सगळा थाट होत नाही. ज्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तिथे याहून सोयीची वेल कोणती असणार? कोपऱ्यावरच्या सरांनी आपली बोगनवेल कुंडीत नुसता मुरूम आणि थोडे शेणखत घालून लावली आणि गेटच्या खांबावर चढवली. गल्लीत सर्वांत चांगली तीच फुलली.

अनंताविषयी लिहिताना हात आखडता घ्यावासा वाटतो. १२० रुपयांची पाच रोपे गल्लीत आली आणि जूनपर्यंत त्यांतली दोनच उरली. खरेदीच्या वेळी प्रत्येक रोपावर पाच-सहा टपोऱ्या कळ्या होत्या, त्या पाहूनच आम्ही भुललो. घरी आल्यावर पंधरा दिवसांत त्या कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळाल्या. मग नवीन पाने पिवळी निघू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. मातीत लोह नसते असे नाही, पण आपली काळी माती आणि बोअरचे जड पाणी यांमुळे ते मुळांना घेता येत नाही; अनंताला किंचित आम्लधर्मी माती आणि दमट हवा लागते, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याकडे उन्हाळ्यात विकतही मिळत नाहीत. त्यात शेजारच्या वहिनींनी काटकसर म्हणून कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी रोज अनंताला घातले. कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. टाकीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच झाडाच्या मुळाशी जात होता. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या आणि झाड गेले. याउलट, जी दोन रोपे जगली त्यांतील एकाला सरांनी एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी दिले. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. त्यांच्या अनंताला मे महिन्यात एकच फूल आले, ते त्यांनी काचेच्या वाटीत पाण्यावर ठेवले आणि दिवसभर ज्याला त्याला बोलावून त्याचा वास घ्यायला लावला. फूल दुसऱ्या दिवशी पिवळे पडले तरी वाटी ओट्यावरून हलली नव्हती.

अनंत उन्हाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यातील ग्राहकाला विकू नये, निदान सांगून विकावे, असे माझे मत आहे. दुकानदाराने प्रत्येक ग्राहकाला झाडाची कुंडली सांगावी अशी अपेक्षा नाही. पण ज्या रोपाच्या जगण्याची शाश्वती नाही हे त्याला माहीत आहे, ते कळ्यांनी सजवून पुढच्या रांगेत मांडणे मला पटले नाही.

बाकीच्या रोपांबद्दल थोडक्यात सांगता येईल. अडेनियमची चार कलमे, प्रत्येकी ३५० रुपये, महाग वाटली तरी एकही वाया गेले नाही; फुगीर बुंध्यात पाणी साठवणारे हे झाड उन्हाला घाबरत नाही, पाणी तुंबले तर मात्र बुंधा मऊ पडून सडतो, म्हणून पावसाळ्यात ते छपराखाली घ्यावे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण रोपवाटिकेतूनच आला होता. फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसत होते आणि आम्ही ते घेताना पाहिले नाही, हा आमचाच निष्काळजीपणा. मधुमालती मेमध्ये फुलली. संध्याकाळी पांढरे उमललेले फूल पुढच्या दोन दिवसांत गुलाबी आणि मग लाल होते, त्यामुळे एकाच झुबक्यात तीन रंग दिसतात आणि पाहुणे हटकून विचारतात की ही कलम केलेली आहे का. पांढऱ्या चाफ्याला या वर्षी फूल नाही. ऑफिस टाइमची पिशवी १५ रुपयांना होती, आणि पैशाच्या मानाने तिच्याइतके कोणीच दिले नाही: तुटक्या घमेल्यात लावलेले ते रोप सकाळी नऊच्या सुमारास उमलते, दुपार कलली की मिटते, आणि फांदी मोडून नुसती मातीत खोचली तरी लागते. त्या एका पिशवीवर आता गल्लीतल्या तीन घरांच्या कडा भरल्या आहेत, शिवाय इस्त्रीवाल्या भाऊंनी आपल्या टपरीपुढे तेलाच्या कापलेल्या डब्यातही ते लावले आहे.

मे फ्लॉवरचे कंद ५० रुपयांना एक होते. दिसायला ते पुरते कांद्यासारखे असतात, आणि आमच्या घरी ओट्यावर ठेवलेला एक कंद भाजीच्या टोपलीत जाता जाता वाचला. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. हा कंद विषारी असतो, म्हणून मुले आणि स्वयंपाकघर यांपासून तो दूर ठेवावा, आणि रोपवाटिकेनेही तो उघड्या पाटीत, शेजारी लसणाच्या कुड्या असल्यासारखा, मांडू नये. मार्चमध्ये लावलेल्या दहा कंदांपैकी सहांना फुले आली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोरड्या मातीतून आधी जाड देठ वर आला आणि चार-पाच दिवसांत त्याच्या टोकावर शेकडो बारीक फुलांचा लाल चेंडू तयार झाला. पाच घरांतील सहा चेंडू जवळपास एकाच आठवड्यात फुलल्याने त्या दिवसांत सकाळी सहा वाजता आमच्या गल्लीत एकमेकांच्या फाटकातून डोकावणाऱ्यांची वर्दळ होती. आठ-दहा दिवसांत हा खेळ संपतो आणि मग वर्षभर काही नाही. थंडीत पानेही वाळून जातात. त्या वेळी कुंडी रिकामी समजून माती ओतून टाकू नये, एवढी सूचना विक्रेत्याने चिठ्ठीवर लिहायला हवी.

गांडूळखताची १० किलोची पोती निराशाजनक होती. खत ओले, जड, आणि चाळले असता त्यात माती बरीच निघाली. ते मी पुन्हा घेणार नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघीजणी हिशेब घेऊन रोपवाटिकेत गेलो. मेलेल्या तीन अनंतांचे पैसे परत मिळाले नाहीत. मालक म्हणाले, "ताई, पैशाचं सोडा, रोप देतो. पण आत्ता नका नेऊ. दोन पाऊस पडू द्या, मग घेऊन जा." आत्ता नेलेले रोप पुन्हा मरेल हे त्यांनी स्वतःहून सांगितले, आणि फेब्रुवारीत हेच वाक्य ऐकायला मिळाले असते तर बरे झाले असते, असे मीही त्यांना सांगितले. ते हसले, पण वाद घातला नाही. चुकीच्या चिठ्ठीच्या मोगऱ्याबद्दल त्यांनी सदाफुलीची दोन रोपे तशीच दिली. कुंड्या भरणाऱ्या मुलाला बोलावून गोळ्याची गोष्ट त्याच्यासमोर मला पुन्हा सांगायला लावली. पुढे तो तसे करतो की नाही, हे त्याच्या पुढच्या ग्राहकाला कळेल.

या रोपवाटिकेत जायचे असेल तर सकाळी नऊच्या आत जावे, कारण दहानंतर मागच्या वाफ्यात उभे राहवत नाही आणि मग माणूस सावलीतल्या रोपांपाशीच खरेदी उरकतो. रोप हातात घेतल्यावर पिशवीतील माती लाल आहे की काळी ते पाहावे, पानांच्या पाठी आणि बेचके तपासावेत, आणि हे इथेच तयार झाले की ट्रकमधून आले, हे सरळ विचारावे. मालक खोटे सांगत नाहीत, विचारल्याशिवाय सांगत नाहीत इतकेच. परतीच्या टेम्पोवर ओले पोते टाकायला सांगावे, कारण आमच्या वेळी ते राहून गेले आणि वाऱ्याने जास्वंदीची पाने फाटली.

पौषात छाटणी झाली की निरोप द्या, असे वयस्कर माळ्यांना सांगून ठेवले आहे. मागच्या वाफ्यातील बटमोगऱ्याची चार रोपे माझ्या नावावर आहेत, आणि या वेळी कुंड्या मी स्वतः भरणार आहे.